रेशीम कीटक संगोपनगृहातील आर्द्रता आणि हवेचे व्यवस्थापन

अंडीपुंज खात्रीच्या ठिकाणचे, चॉकी निरोगी आणि तुतीची बागही हिरवीगार असते. तरीही पाचव्या अवस्थेत चौथ्या-पाचव्या दिवशी कीटक पाला खायचे सोडतात, मऊ पडतात किंवा मरून खडूसारखे पांढरे व कडक होतात. अशा वेळी पहिला संशय अंडीपुंजांवर किंवा चॉकी केंद्रावर जातो. पुष्कळदा खरे कारण संगोपनगृहातील हवेत असते.

रेशीम कीटकाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. तो श्वसन करतो ते शरीराच्या दोन्ही बाजूंच्या बारीक छिद्रांतून, म्हणजे अगदी बेडलगतच्या हवेत. त्यामुळे खोलीच्या मध्यभागी तुम्हाला हवा ठीक वाटली तरी रॅकच्या आतल्या कप्प्यात ती कोंदट असू शकते. या लेखात आर्द्रता किती असावी, ती कशी मोजावी आणि उन्हाळा, पावसाळा व हिवाळ्यात काय करावे, याची माहिती दिली आहे. एक सूत्र सुरुवातीलाच लक्षात ठेवा. ओलावा हवेत मापात असावा, बेडमध्ये नसावा आणि कोणत्याही ऋतूत संगोपनगृह पूर्ण बंद करू नये.

संगोपनगृहात एवढा ओलावा येतो कोठून?

१०० अंडीपुंजांपासून साधारण ४० ते ५० हजार कीटक मिळतात. संपूर्ण पिकात त्यांना एक टनाच्या आसपास पाला लागतो आणि त्यातील सुमारे ८५ टक्के पाला एकट्या पाचव्या अवस्थेत, म्हणजे सहा-सात दिवसांत खाल्ला जातो. तुतीच्या पाल्यात ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असते. हिशेब केला तर पाचव्या अवस्थेत पाल्याबरोबर रोज सरासरी ८५ ते १०० लिटर पाणी खोलीत येते.

यातील काही पाणी कीटकांच्या शरीरात राहते, काही विष्ठेत जाते आणि उरलेले हवेत मिसळते. न खाल्लेला पाला व विष्ठा बेडमध्ये साचून कुजू लागली की ओलाव्याबरोबर उष्णता आणि अमोनियाही तयार होतो. शिवाय हजारो कीटकांच्या श्वसनातून कर्बवायू बाहेर पडत असतो. म्हणून तिसऱ्या अवस्थेत चालून गेलेली खिडक्यांची व्यवस्था पाचव्या अवस्थेत अपुरी पडते. कीटक वाढतील तशी हवा वाढवावी लागते.

अवस्थेनुसार तापमान आणि आर्द्रता

| अवस्था | तापमान (अंश सेल्सिअस) | आर्द्रता (टक्के) |
|---|---|---|
| पहिली व दुसरी (चॉकी) | २६ ते २८ | ८५ ते ९० |
| तिसरी | २५ ते २६ | सुमारे ८० |
| चौथी | २४ ते २५ | ७० ते ७५ |
| पाचवी | २३ ते २४ | ६५ ते ७० |
| कोष बांधणी | २४ ते २५ | ६० ते ६५ |

चॉकीला जास्त आर्द्रता लागते, कारण कोवळा पाला सुकला तर लहान कीटकांना तो खाता येत नाही. मोठ्या कीटकांना तीच आर्द्रता मारक ठरते. चॉकी केंद्रातून दुसरी कात टाकलेले कीटक घरी आणल्यावर काही शेतकरी बेड पूर्वीसारखाच झाकून ठेवतात. तिसऱ्या अवस्थेपासून झाकण कमी करत जावे आणि चौथ्या अवस्थेपासून बेड उघडा ठेवावा.

कात टाकताना कीटक खात नाहीत, डोके वर करून स्थिर बसतात. या काळात आर्द्रता ६० ते ७० टक्के असावी, पाला देऊ नये आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. बेड ओला राहिला तर काही कीटक आधी उठतात, काही नंतर, आणि पुढे पीक एकसारखे राहत नाही. उलट हवा फारच कोरडी असेल तर जुनी कात अंगाला चिकटून राहते.

आर्द्रता मोजल्याशिवाय उपाय करू नका

अंगाला घाम येतो किंवा येत नाही, यावरून अंदाज बांधू नका. संगोपनगृहात एक ओला-कोरडा तापमापक किंवा डिजिटल हायग्रोमीटर असलाच पाहिजे. ओल्या-कोरड्या तापमापकात दोन नळ्या असतात. एकीच्या फुग्यावर पाण्यात बुडवलेली कापडी वात असते. हवा कोरडी असेल तर वातीतले पाणी जास्त उडते आणि ती नळी कमी तापमान दाखवते. दोन्ही नळ्यांतील फरक जेवढा मोठा, तेवढी हवा कोरडी.

कोरडी नळी २६ अंश दाखवत असेल, तर आर्द्रता साधारण अशी असते:

- फरक १ अंश: सुमारे ९२ टक्के
- फरक २ अंश: सुमारे ८५ टक्के
- फरक ३ अंश: सुमारे ७८ टक्के
- फरक ४ अंश: सुमारे ७१ टक्के
- फरक ५ अंश: सुमारे ६४ टक्के
- फरक ६ अंश: सुमारे ५८ टक्के

म्हणजे पाचव्या अवस्थेत हा फरक ४ ते ५ अंशांचा असला तर काळजी नाही. तो २ अंशांवर आला तर लगेच हवा वाढवा. वात स्वच्छ ठेवा आणि पाणी संपू देऊ नका. वात कोरडी पडली तर दोन्ही नळ्या सारखेच तापमान दाखवतात आणि आकडा फसवा मिळतो.

मापक दाराजवळ किंवा उन्हाच्या भिंतीवर टांगू नका. तो मधल्या रॅकच्या मधल्या कप्प्याच्या उंचीवर ठेवा. सकाळी ६, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० वाजता नोंद करून वहीत लिहा. दुपारी २ ची नोंद उष्णतेची, तर रात्रीची नोंद ओलाव्याची खरी स्थिती सांगते. फक्त दिवसा नोंद घेतली तर रात्रीचा कोंदटपणा कधीच लक्षात येत नाही.

हवा खेळते का, हे कसे ओळखावे?

पाचव्या अवस्थेत बेडवरून सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने हवा वाहत असेल तर कीटकांची मर कमी होते, पाल्याचे पचन आणि कोषाचे वजन सुधारते. यासाठी यंत्र लागत नाही. वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी दोऱ्याने रॅकच्या आतल्या कप्प्यात टांगा. ती सतत हलकी हलत असेल तर हवा खेळते आहे. लोंबकळत स्थिर राहिली तर त्या कप्प्यापर्यंत हवा पोहोचत नाही.

दुसरी खूण वासाची. पहाटे दार उघडताच नाकाला झोंबणारा वास आला तर रात्रभर अमोनिया साचला आहे असे समजा. तुम्हाला आत उभे राहवत नाही, तिथे कीटक रात्रभर होते.

हवा अडण्याची नेहमीची कारणे अशी:

- उझी माशीसाठी लावलेल्या जाळीत धूळ अडकून तिची छिद्रे बुजतात. जाळी काढू नका. प्रत्येक पिकानंतर ती धुवा आणि पिकाच्या काळात कोरड्या ब्रशने झाडा.
- रॅक भिंतीला चिकटून लावलेले असतात. भिंत आणि रॅक यांच्यात माणूस सहज फिरेल एवढी जागा सोडा. दोन कप्प्यांत किमान दोन फूट अंतर ठेवा.
- खिडक्या आहेत, पण झरोके नाहीत. गरम व दमट हवा वर जाते. छताजवळ झरोके आणि जमिनीलगत छोटी जाळीदार भोके असतील तर खालून थंड हवा येते आणि वरून दमट हवा निघून जाते. वीज गेली तरी ही व्यवस्था चालू राहते.
- बेडवर कीटकांची दाटी असते. रॅक कमी म्हणून जास्त अंडीपुंज दाटीने वाढवले तर खिडक्या कितीही असल्या तरी बेडच्या आत हवा पोहोचत नाही.

उन्हाळा: थंडावा द्या, पण दार बंद करू नका

मराठवाडा आणि विदर्भात मार्च ते मे या काळात दुपारी बाहेरचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि हवा अतिशय कोरडी असते. गरम वारा आत येऊ नये म्हणून सर्व खिडक्या बंद केल्या जातात. त्याने उष्णता थोडी अडते, पण कर्बवायू आणि विष्ठेची वाफ आतच कोंडते. जास्त तापमान आणि कोंदट हवा एकत्र आली की फ्लॅचरी आणि ग्रासरी या रोगांचा जोर वाढतो.

१. आधी छप्पर थंड करा. पत्र्यावर उसाचे पाचट किंवा नारळाच्या झावळ्या अंथरा किंवा पत्र्यापासून फूट-दीड फूट उंच हिरवी शेडनेट बांधा. पत्र्याला पांढरा चुना द्या. छप्पर तापले की आतील कोणताही उपाय अपुरा पडतो.

२. वाऱ्याच्या दिशेच्या खिडक्यांवर स्वच्छ बारदान टांगून त्यावर ठिबकच्या नळीने पाणी सोडा. बारदानातून येणारी हवा थंड आणि दमट होते. समोरच्या बाजूच्या खिडक्या व वरचे झरोके उघडे ठेवा, नाहीतर हवा आत शिरणारच नाही.

३. कूलर वापरत असाल तर तो खिडकीबाहेर ठेवून बाहेरची हवा आत घ्या आणि समोर एक्झॉस्ट पंखा लावा. बंद खोलीत आत ठेवलेला कूलर तीच ती हवा फिरवतो आणि काही तासांत खोली दमट करून टाकतो.

४. फॉगर छतावर किंवा बाहेरच्या बाजूने चालवा. बेडवर पाण्याचे थेंब पडू देऊ नका.

५. पाला सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तोडा. तो वेगळ्या थंड खोलीत ओल्या बारदानाखाली उभा ठेवा. संगोपनगृहातच पाल्याचा ढीग लावला तर तो तापतो आणि खोलीचा ओलावा वाढवतो.

कोरड्या हवेत पाण्याने किती थंडावा मिळतो, याचे उदाहरण पाहा. बाहेर ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या नळीचे तापमान २२ अंशांच्या आसपास असते. म्हणजे ओल्या बारदानाने हवा बरीच खाली आणता येते. पण जुलैमध्ये ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर ओली नळीच २८ अंशांवर असते. त्या हवेत कूलर लावून थंडावा जवळपास मिळत नाही, फक्त ओल वाढते. म्हणून पाऊस सुरू झाला की कूलरचे पाणी बंद करा आणि पंखा तेवढा चालू ठेवा.

पावसाळा: बेड कोरडा ठेवणे हेच मुख्य काम

पावसाळ्यात बाहेरचीच हवा ८५ ते ९० टक्के दमट असते. खिडकी उघडली तरी आर्द्रता फारशी उतरत नाही, म्हणून काहीजण ती बंदच ठेवतात. ही चूक करू नका. हवेतील ओलावा तुमच्या हातात नसला तरी बेडमधील ओलावा हातात आहे, आणि वाहती हवा तो कमी करते.

- ओला पाला देऊ नका. फांद्या झटकून सावलीत, पंख्याखाली उभ्या करून पाणी निथळू द्या. ढगाळ दिवशी उघडीप मिळताच पुढच्या वेळेचा पाला तोडून ठेवा.
- आधीचा पाला संपत आल्याशिवाय नवीन टाकू नका. उरलेला पाला म्हणजे बेडमध्ये साठवलेले पाणी.
- फांदी पद्धतीत पाचव्या अवस्थेत बेड एकदा साफ करतात. दमट दिवसांत तो दोनदा साफ करा. काढलेला कचरा दाराजवळ न टाकता दूर खड्ड्यात टाका.
- कात टाकण्यासाठी बहुतांश कीटक बसले की विझवलेल्या चुन्याची कोरडी भुकटी कापडी पुरचुंडीतून पातळ थरात धुरळा. पाचव्या अवस्थेतही बेड ओलसर वाटला तर पाला देण्याआधी चुना धुरळता येतो.
- कात टाकून उठल्यावर पाला देण्यापूर्वी ‘विजेता’सारखे बेड निर्जंतुक पावेटावरील प्रमाणानुसार वापरा. ते चुन्यात मिसळू नका.
- ओला चिखलट पाय आत नेऊ नका. दारात पाय निर्जंतुक करण्याची व्यवस्था ठेवा आणि फरशी धुतली तर लगेच कोरडी करा.

हिवाळा: धुराशिवाय ऊब

हिवाळ्यात रात्री तापमान उतरले की कीटक सुस्त होतात, अवस्था लांबते आणि बेड ओला राहतो. थंड व दमट हवा पांढऱ्या मस्कार्डिन बुरशीला पोषक असते. ‘ब्युव्हेरिया बॅसियाना’ ही बुरशी कीटकाच्या त्वचेतून आत शिरते. मेलेला कीटक आधी कडक होतो आणि एक-दोन दिवसांत त्यावर पांढरी भुकटी येते. ही भुकटी म्हणजे बुरशीची बीजे. ती हवेने सर्व रॅकवर पसरतात. म्हणून कडक झालेला कीटक पांढरा होण्याआधीच चिमट्याने उचलून ब्लिचिंग पावडरच्या २ टक्के द्रावणात टाका आणि नंतर खोल पुरा. पांढरे कीटक दिसत असताना त्या रॅकवर पंख्याचा झोत सोडू नका.

ऊब दिली की आर्द्रता आपोआप उतरते. २० अंश तापमानाची ९० टक्के दमट हवा २४ अंशांपर्यंत तापवली तर तिची आर्द्रता सुमारे ७० टक्के होते. पाचव्या अवस्थेला नेमकी हीच हवा लागते. यासाठी इलेक्ट्रिक हीटर वापरा आणि वरचे झरोके थोडे उघडे ठेवा.

कोळशाची शेगडी, गोवऱ्या किंवा भुसा संगोपनगृहात पेटवू नका. धूर कीटकांना सोसत नाही आणि बंद खोलीत शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. पाचव्या अवस्थेत रात्रीचा पाला द्यायला घरातील कोणीतरी संगोपनगृहातच झोपते. थंडीत दार लावून शेगडीजवळ झोपलेल्या माणसाचा यात जीव जातो. कीटकांसाठी केलेली ऊब घरच्या माणसावर बेतू देऊ नका. झोपायचे असेल तर संगोपनगृहाबाहेर झोपा.

हवेत येणारे इतर विषारी पदार्थ

रेशीम कीटक स्वतः एक कीटक आहे, हे काम करताना विसरले जाते.

- मच्छर अगरबत्ती, कॉइल, द्रव मच्छरनाशक किंवा फवारा संगोपनगृहात किंवा लगतच्या खोलीत वापरू नका. त्यातील कीटकनाशक कीटकांवरही काम करते.
- कीटकनाशके, खते, डिझेल, फवारणी पंप संगोपनगृहात ठेवू नका. तंबाखू मळलेल्या हातांनी पाला देऊ नका.
- शेजारच्या कापूस, सोयाबीन किंवा भाजीपाल्यावर फवारणी होणार असेल तर आधी कळवण्याची शेजाऱ्यांना विनंती करा. फवारणीच्या वेळी वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या तेवढ्या काळापुरत्या लावा आणि विरुद्ध बाजूच्या उघड्या ठेवा.
- फॉर्मलिन किंवा ब्लिचिंगने निर्जंतुकीकरण करताना मास्क, हातमोजे व चष्मा वापरा. फॉर्मलिन फवारल्यावर खोली २४ तास बंद ठेवून नंतर पूर्ण उघडा. डोळ्यांना झोंबणे थांबेपर्यंत कीटक आत आणू नका.

तुम्ही राहत्या घरातील खोलीत संगोपन सुरू केले असेल तर ही काळजी दुप्पट घ्या. ती खोली स्वयंपाकघराच्या धुरापासून आणि लहान मुलांच्या झोपण्याच्या जागेपासून वेगळी असावी. फॉर्मलिनचे काम करण्याआधी सर्वांना घराबाहेर काढा. दमा असलेल्या व्यक्तीला चुना व विष्ठेच्या धुळीत काम देऊ नका. पहिली एक-दोन पिके झाल्यावर शेतात स्वतंत्र संगोपनगृहाचे नियोजन करा.

कोष बांधणीच्या वेळी

कीटक पिकले की पाला सोडतात आणि धागा सोडण्यापूर्वी शरीरातील पाणी बाहेर टाकतात. त्यामुळे एका रात्रीत खोलीतील ओल एकदम वाढते. याच वेळी दमट हवा राहिली तर धाग्याचे थर एकमेकांना जास्त चिकटतात, कोष उकलताना धागा तुटतो आणि जालना असो वा रामनगर, बाजारात भाव पडतो. महिनाभराच्या कष्टाचे मोल या दोन-तीन दिवसांच्या हवेवर ठरते.

- पिकलेले कीटक चंद्रिकेवर एका चौरस फुटाला ४० ते ५० या प्रमाणातच सोडा.
- प्लॅस्टिक चंद्रिका बेडवरच ठेवत असाल तर शेवटच्या दिवसांत पाला मोजूनच द्या, म्हणजे खाली ओला थर उरणार नाही.
- खिडक्या व झरोके उघडे ठेवा. थेट ऊन आणि जोराचा वारा चंद्रिकेवर येऊ देऊ नका.
- मेलेले व रोगट कीटक रोज वेचा, नाहीतर चांगल्या कोषांना डाग पडतात.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी: भेटीत काय पाहावे?

१. मापक कोठे टांगला आहे, वात ओली आहे का, वहीत रात्रीच्या नोंदी आहेत का?

२. आतल्या कप्प्यातील कागदी पट्टी हलते का?

३. मूठभर बेड दाबून पाहा. हाताला ओल लागली तर बेड साफ करून चुना देण्याचा सल्ला द्या.

४. उझी जाळी धुळीने बुजली आहे का? वरचे झरोके थंडीत पोत्याने कायमचे बंद केलेले आहेत का?

५. शेगडी, मच्छर अगरबत्ती, फवारणी पंप आत आहेत का?

६. पीक बिघडले असेल तर अंडीपुंजांवर निष्कर्ष काढण्याआधी शेवटच्या आठ दिवसांच्या तापमान व आर्द्रतेच्या नोंदी तपासा.

रोगाची लक्षणे दिसल्यास काही नमुने वेगळे ठेवून जिल्हा रेशीम कार्यालयाशी त्वरित संपर्क साधा. नोंदवही सोबत असेल तर कारण लवकर सापडते, आणि पुढचे पीक घेण्याआधी छप्पर, झरोके की बेड, नेमके काय सुधारायचे तेही ठरवता येते.